चौथ्या खांबाखालच्या गारगोट्या

या, असे जवळ या. ज्याला पाय पोटाशी घ्यायचे त्याने घ्यावेत, ज्याला भिंतीला टेकायचं त्याने टेकावं. कान मात्र इकडे द्या. आज एका मुलीची गोष्ट सांगायची आहे, जी वाट चुकण्यात पटाईत होती. आणि तिच्या आजोबांची, जे जन्मात कधी वाट चुकले नव्हते, तरी सगळं गाव म्हणत होतं की ते चुकले. गोष्ट जरा उदास आहे. असू दे. खोल खणल्याशिवाय पाणी लागत नाही, आणि या गोष्टीत तर खरोखरच खणायचं आहे.

मुलीला घरात चकवी म्हणत. वय बारा, पण डावं-उजवं अजून कळत नसे. चौथीत असताना ती नळावर पाणी प्यायला म्हणून गेली, परत येताना सातवीच्या वर्गात जाऊन बसली, आणि अर्धा तास बीजगणित ऐकून रडत बाहेर आली. तेव्हापासून ते नाव पडलं.

सुट्टीचा तो पहिला सोमवार. बाहेर धुकं इतकं दाट की समोरच्या घराची नुसती खिडकीच तरंगताना दिसत होती. चकवी आजोबांच्या खोलीत जमिनीवर बसली होती. शेजारी तिचा मावसभाऊ तोफ. हा कानात बोलला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. आणि घड्याळवाल्यांची मुलगी टिकटिक. तिला मोजायचं वेड होतं. जिन्याच्या पायऱ्या, भाताचे घास, गुरुजींच्या शिंका, काही सोडत नसे. तिघं सुट्टीचे बेत करत होते, पण बेत काही रंगत नव्हता. कारण खिडकीपाशी आजोबा बसले होते आणि बारा दिवसांत ते धड बोलले नव्हते.

आजोबा मोजणीखात्यात होते, चाळीस वर्षं. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड बसवायचे, नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावामागच्या टेकडीचा नकाशा काढला, तोही एकट्याने, पावलं मोजून आणि होकायंत्र धरून. टेकडीवरच्या रानात बारा लाकडी खांब उभे केले, त्यांवर क्रमांक घातले. नकाशा पायथ्याच्या फाटकाशी काचेखाली लागला आणि कोणीही यावं, नकाशा आणि होकायंत्र घेऊन एकेक खांब शोधत रान पालथं घालावं, असा खेळ सुरू झाला. त्या खेळाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. नऊ वर्षं लोक खेळले, कोणी हरवलं नाही.

आणि बारा दिवसांपूर्वी वाचनालयाचे ग्रंथपाल धुक्यात दगडखाणीत पडले. मांडीचं हाड मोडलं. तीन तास गारठ्यात पडून होते. लाकूडतोड्याने हाक ऐकली म्हणून वाचले. शुद्धीवर आल्यावर ते एवढंच म्हणाले की सात नंबरच्या खांबापासून मी पूर्वेला उतरलो, नकाशात तसंच आहे.

नकाशात तसंच होतं. पण सात नंबरच्या खांबाच्या पूर्वेला वाट नव्हती, खाण होती.

झालं. उद्यान कचेरीच्या साहेबांनी निकाल दिला की नकाशा चुकीचा आहे, काढणारे म्हातारे होते, वयोमानाने असं व्हायचंच. येत्या शनिवारी नकाशा उतरवायचा, खांब उपटायचे, खेळ बंद. लोक आजोबांसमोर काही बोलत नसत, पण त्यांना पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जात. आणि आजोबांनी वाद घातला नाही. हेच चकवीच्या जिवाला लागलं होतं. गेल्या महिन्यात त्यांना चष्मा पिठाच्या डब्यात सापडला होता. दोनदा त्यांनी आईला मावशीच्या नावाने हाक मारली होती. आता ते खिडकीशी बसून स्वतःचाच हात पालथा-उताणा करून बघत, जणू तो दुसऱ्याचा आहे.

"चुकलं असेल माझंच," ते त्या सोमवारी म्हणाले. बारा दिवसांतलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मग त्यांनी खणातून पितळी होकायंत्र काढलं आणि चकवीच्या हातात ठेवलं. "हे घे. मला आता नको."

"मला कशाला, आजोबा? मला डावं-उजवंसुद्धा कळत नाही."

"याला डावं-उजवं लागत नाही," आजोबा म्हणाले आणि पुन्हा धुक्याकडे बघू लागले.

तोफेने आपल्या मते हळू आवाजात विचारलं की शनिवारनंतर त्या यंत्राचं काय लोणचं घालायचं आहे का. टिकटिक मात्र विचारात पडली होती. नकाशा चुकला आहे की नाही, हे भांडून कशाला ठरवायचं? चालून बघता येईल की.

आता खरी अडचण ही की तिघांपैकी एकालाही नकाशा वाचता येत नव्हता. आणि आजोबा शिकवायला तयार नव्हते. "चुकलेल्या माणसाकडून शिकू नये," म्हणून तोंड फिरवून बसले. तेव्हा चकवीने युक्ती केली. तिने नकाशाची घडी उघडली, होकायंत्र त्यावर उलटं ठेवलं आणि मोठ्याने चुकीचं काहीतरी वाचू लागली. चाळीस वर्षांचा मोजणीदार तो. किती वेळ सोसणार? पाचव्या मिनिटाला आजोबांचा हात पुढे आला आणि त्यांनी यंत्र सुलटं केलं. दहाव्या मिनिटाला ते जमिनीवर मांडी घालून बसले होते.

ते म्हणाले, आधी नकाशा वळवायचा. त्याची उत्तर आणि सुईची उत्तर एक झाली, की कागदावर जे पुढे आहे ते खरोखर तुझ्यापुढे असतं. मग डावं कुठलं नि उजवं कुठलं, कोण विचारतं? जिथे उभी आहेस तिथे नकाशावर अंगठा ठेवायचा आणि अंगठा उचलायचा नाही, चाललीस की अंगठाही चालवायचा. आणि पावलं मोजायची, एक पाय टेकला की एक. कुठला पाय ते चकवीला आठवेना, म्हणून टिकटिकीने तिच्या एका बुटाला लाल नाडी बांधली. लाल नाडीचा पाय टेकला की एक. आजोबांनी अंगणातल्या फेऱ्या धरून शंभर मीटर मोजून दिले. चकवीची त्यात चौसष्ट पावलं भरली, पुन्हा चाललं तरी चौसष्टच.

मंगळवारी त्यांनी स्वयंपाकघर ते मागची विहीर असा नकाशा स्वतः काढला. तोफ होकायंत्राकडे बघत चालला आणि धुण्याच्या दोरीत अडकून आईची साडी गळ्यात घेऊन आला. आजोबांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. चकवीने तो पाहिला आणि मनात जपून ठेवला.

बुधवारी आईने परवानगी दिली. दुपारच्या आत परत यायचं, तिघांनी एकमेकांना सोडायचं नाही, आणि खाणीच्या काठावर जायचं नाही. तिघांनी कबूल केलं.

फाटकाशी पहिला खांब. पांढराशुभ्र, काळा ठसठशीत १. सगळे खांब महिन्यापूर्वीच नव्याने रंगवले होते. आत रान ओलं आणि मुकं होतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, पक्षी एकही बोलत नव्हता. नकाशाप्रमाणे दोन नंबर ईशान्येला, चकवीच्या पावलांनी एकशे चाळीस. तिने नकाशा वळवला, अंगठा ठेवला आणि पायवाट सोडून सरळ रानातून निघाली. टिकटिक मागून मोजत होती, तोफेला गप्प राहायची शपथ घातली होती. एकशे छत्तीस, सदतीस, अडतीस, आणि धुक्यातून पांढरा खांब पुढ्यात उभा.

चकवीला रडूच आलं. ती आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी बरोबर पोचली होती.

पण खांबावर लिहिलं होतं ५.

"घ्या," तोफ म्हणाला. "चुकलाच ना नकाशा."

टिकटिकीने मान हलवली. "नकाशा चुकला असता, तर इथे खांबच नसता. एवढ्या रानात नेमका इथेच कसा?"

ते तिसऱ्याकडे निघाले. खांब बरोबर जागी. क्रमांक मात्र ११. आता चौथा. नकाशावर तो खाणीच्या वरच्या अंगाला, काठापासून दहा पावलांवर होता. धुकं आणखी दाटलं. तोफेला आपलाच हात दिसेना. चकवी अंगठा सरकवत, ओठांत आकडे पुटपुटत चालली. एकशे दहाव्या पावलाला हाताला ओलं लाकूड लागलं. खांबावर ७.

तिने दोघांना जागीच थांबवलं. नकाशाप्रमाणे आता पूर्वेला पाऊल टाकायचं नव्हतं. तोफेने एक दगड उचलून पूर्वेला भिरकावला. एक, दोन, तीन, टिकटिकीने मोजलं, आणि मग कुठेतरी खूप खाली तो आपटला.

ग्रंथपाल इथेच आले होते. सात वाचला, सातवरून सांगितल्याप्रमाणे पूर्वेला वळले. पण हा सात नव्हता. हा नकाशातला चौथा होता.

घरी येऊन चकवीने आजोबांना सगळं सांगितलं. आजोबांचे डोळे क्षणभर उजळले आणि लगेच विझले. म्हणाले, खांब जागेवर आहेत एवढं बरं. पण क्रमांक मीच नकाशावर उलटसुलट लिहिले असतील. कोण सांगणार? सगळं तर डोक्यातून चाललंय माझ्या.

तेव्हा चकवी त्यांची जुनी मोजणीची वही घेऊन बसली. प्रत्येक खांबापुढे दिशा, पावलं, आणि शेवटी बारीक अक्षरात एक खूण: सा. २. सा. ३. सा. ४. तिने विचारलं की हे सा म्हणजे काय.

आजोबा वहीकडे बघत राहिले. विहिरीत खोल गेलेली बादली वर यावी तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वर आलं.

"साक्ष," ते म्हणाले. "हद्दीचा दगड लोक हलवतात, बाळ. म्हणून जुने मोजणीदार दगडाखाली काहीतरी पुरून ठेवायचे. कोळसा, फुटकं खापर. वरचं बदललं तरी खालचं बोलतं. मी गारगोट्या पुरल्यात. जेवढा खांबाचा क्रमांक, तेवढ्या." थोडं थांबून ते म्हणाले, "पुरल्यात की नुसतं मनात होतं, ते मात्र आता सांगता येत नाही."

गुरुवारी तिघं कचेरीत गेले. साहेब चहा ढवळत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की खांबांना नुसता रंग दिला आहे, क्रमांक होते तेच आहेत, तपासणीच्या कागदावर सही आहे. खणायची परवानगी मिळणार नाही, मुलांनी सुट्टीत पुस्तकं वाचावीत. चकवीने विचारलं की साहेब स्वतः वर जाऊन बघून आले का. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

मग टिकटिक पुढे झाली, अगदी गरीब गायीसारखं तोंड करून. साहेब म्हणतात ते कागदावर लिहून मिळेल का, सुट्टीच्या वहीत चिकटवायचं आहे, शिक्का असला तर फारच छान दिसेल. साहेब खूश झाले. 'खांबांचे क्रमांक पूर्वीचेच असून फक्त रंग दिला आहे', खाली सही, शिक्का, तारीख.

बाहेर आल्यावर टिकटिकीने कागद दोनदा वाचला, घडी केली आणि तोफेला म्हणाली, "आता तुला शपथेतून मोकळं केलं. बोल."

तोफ बोलला. वाचनालयापासून गिरणीपर्यंत बोलला. शनिवारी खांब उपटताना खालून काय निघतं ते बघायला या, म्हणाला. संध्याकाळपर्यंत ग्रंथपालांना ते अंथरुणात कळलं आणि त्यांनी निरोप धाडला की मला खुर्चीत घालून न्या. ग्रंथपाल मोडक्या पायाने जाणार म्हटल्यावर साहेबांना घरी बसता येईना.

शनिवारीही धुकं होतं. चौथ्या खांबापाशी वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. काठाला दोर बांधला होता. खांब उपटायला दोन मजूर होते आणि सामान उचलायला म्हणून रंगारीकाकांना बोलावलं होतं. ते सगळ्यांच्या मागे, कानटोपी खाली ओढून उभे. आई आली होती. आजोबा आले नव्हते. ते खिडकीशीच बसले. जाताना चकवीला म्हणाले होते, "काही नसलं खाली, तर तसंच येऊन सांग. लपवू नको."

चकवीने साहेबांचाच कागद वाचून दाखवला. म्हणजे साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे हा सातवा, इथे सात गारगोट्या निघायला हव्यात. वहीप्रमाणे हा चौथा, इथे चार. आणि काहीच निघालं नाही, तर आजोबांचं चुकलं.

खांब हलला, कण्हल्यासारखा आवाज करत वर आला. चकवीने साहेबांनाच खाली वाकून हात घालायला सांगितलं. काळी माती निघाली, मुळं निघाली, आणखी माती. लोक चुळबुळ करू लागले. चकवीने डोळे मिटले.

"एक," टिकटिक म्हणाली.

पांढरीशुभ्र गारगोटी. त्या काळ्या मातीत तिचं काहीच काम नव्हतं. कोणीतरी नदीवरून आणून ठेवल्याशिवाय ती तिथे येणं शक्य नव्हतं. दोन. तीन. चार. साहेबांनी पुन्हा हात घातला आणि त्यांचा चेहरा खुलला. आणखी काहीतरी होतं.

"पाच," साहेब म्हणाले. "चारही नाहीत आणि सातही नाहीत. झालं समाधान?"

पण आई पुढे आली आणि तिने ती पाचवी वस्तू पदराने पुसली. निळं बटण होतं, जहाजाच्या नांगराचं चित्र असलेलं.

"या बटणासाठी मी अख्खं घर झाडलं होतं," आई म्हणाली. "हिच्या कोटाचं. तीन वर्षांची होती. त्या दिवशी हिचे आजोबा हिला खांद्यावर बसवून टेकडीवर घेऊन गेले होते."

चकवीला आठवत काहीच नव्हतं. फक्त कुणाच्या तरी खांद्याची ऊब, आणि मुठीतून मातीत सोडलेलं काहीतरी.

पाच लिहिलेल्या खांबाखाली दोन गारगोट्या निघाल्या. अकराखाली तीन. मग कोणाला काही विचारावं लागलं नाही. रंगारीकाकांनी कानटोपी काढली आणि सगळ्यांसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी सांगितलं की मी घरांचे नंबर रंगवणारा माणूस. जुना रंग खरवडला आणि पाहिलं तर खांब ओळीने नाहीत. एकनंतर नऊ, नऊनंतर भलतंच. वाटलं, कोणीतरी चुकलंय. म्हणून पायवाटेने चढताना खांब जसे लागतात तसे क्रमांक ओळीने घातले. सुधारून टाकले. कोणी विचारलं नाही, कोणी वर येऊन बघितलं नाही.

"ते मुद्दाम होतं," चकवी म्हणाली. "आजोबा म्हणतात, ओळीने नंबर असले की माणूस नकाशाकडे बघत नाही, पुढच्याच्या पाठीकडे बघतो."

ग्रंथपालांनी खुर्चीतून रंगाऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "इतके दिवस गप्प का राहिलात?"

"रोज तुमच्या दारापर्यंत येत होतो," रंगारीकाका म्हणाले. "कडीला हात लावायचो. आणि परत जायचो."

ग्रंथपालांनी हात पुढे केला. लगेच नाही; पण केला. साहेब मातीने भरलेल्या हातांकडे बघत उभे होते. ते म्हणाले की न बघता सही मी केली, चूक माझीही आहे. नकाशा राहील, आणि क्रमांक मी स्वतः उभा राहून बदलून घेईन. मग ग्रंथपालांनी तिघांना जवळ बोलावलं. म्हणाले, "मी जन्मभर पुस्तकं सांभाळली, पण वाचायचं कसं ते तुम्ही दाखवलंत."

चकवी घराकडे निघाली ती धावतच, नकाशा न बघता, आणि एकाही वळणाला चुकली नाही.

आजोबा खिडकीशी होते. तिने चार गारगोट्या आणि बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते बोटाने एकेक सरकवत मोजत राहिले.

"चार आणि एक," ते म्हणाले. "बरोबर आहे. ते एक मी वहीत लिहिलं नव्हतं. ते हिशेबाबाहेरचं होतं." मग मान वर करून विचारलं, "ग्रंथपालांचा पाय कसा आहे आता?"

बाळांनो, मला वाटतं खरं माणूस यावरून ओळखावं.

पुढचे काही महिने आजोबांच्या खिडकीखाली पोरांची रांग लागायची. धांदरट, लाजाळू, रस्ता ओलांडायला भिणारी, सगळी यायची, बुटाला लाल नाडी बांधून घ्यायची आणि अंगण मोजायची. कुबडी घेऊन ग्रंथपालही आले. आजोबा नावं विसरत, पण कोणाची पावलं किती हे विसरत नसत. टेकडी ते पुन्हा चढले नाहीत. थंडी सरता सरता एका सकाळी ते खिडकीशीच शांत झाले.

त्या उन्हाळ्यात मुलांनी तेरावा खांब उभा केला. क्रमांक रंगारीकाकांनी घातला, तीनदा विचारून. खाली तेरा गारगोट्या आहेत आणि तेच निळं बटण आहे. वहीत मात्र फक्त तेरा लिहिलंय.

तुम्हीही कधी नकाशा घेऊन रानात जाल. धुकं येईल, वाटेल की हरवलो. भिऊ नका. नकाशा वळवा, अंगठा ठेवा, पाऊल मोजा. आणि पोचलात, की लगेच पुढे पळू नका. क्षणभर पायाखालच्या मातीकडे बघा आणि त्या म्हाताऱ्या मोजणीदाराची आठवण काढा, ज्याने खरं काय ते खाली ठेवून दिलं होतं.